सही हवी, सल्ला नको

आपल्याकडे घरावर मजला चढवायचा ठरला की कोणाकोणाला विचारले जाते, याची एक यादी करून पाहा. आधी घरातली वडीलधारी मंडळी, मग मिस्त्री, मग सळई-सिमेंट उधारीवर देणारा दुकानदार, मग वॉर्डातला कार्यकर्ता आणि कागदपत्रांत काही अडचण असेल तर वकील. या यादीत एक माणूस बहुधा नसतो. खालच्या भिंती आणि खालचा पाया हा नवा मजला पेलतील का, हे सांगण्याचे शिक्षण ज्याने घेतले आहे, तो माणूस. त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणतात. मुंबईच्या बांधकाम व्यवसायात त्याला ‘आरसीसी कन्सल्टंट’ म्हणतात. आपल्या मोहल्ल्यात मात्र ‘सही देणारे साहेब’ एवढीच त्याची ओळख असते. महापालिकेत कागद अडला की त्याची आठवण होते आणि कागद सुटला की तो विसरला जातो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, इंजिनिअरची सही विकत घ्यायची पण त्याचा सल्ला ऐकायचा नाही, ही सवय आपल्याला फार महाग पडते आहे. सरकार, बिल्डर, महापालिका यांचा दोष आहेच आणि तो मी लपवणार नाही. पण ही सवय आपल्या घरातली, आपल्या सोसायटीतली आणि आपल्या मशिदीच्या कमिटीतलीही आहे.

आधी हा माणूस दिवसभर करतो काय, ते पाहू. मी स्वतः इंजिनिअर नाही, पण माझा भाचा या व्यवसायात आहे आणि त्याच्या कामाच्या गोष्टी मी बरीच वर्षे ऐकतो आहे. लोकांना वाटते की इमारतीचा नकाशा काढणारा आणि इमारत उभी ठेवणारा माणूस एकच. तसे नाही. खोली कुठे, खिडकी कुठे, जिना कसा, हे आर्किटेक्ट ठरवतो. स्लॅबचे वजन बीमवर, बीमचे कॉलमवर, कॉलमचे पायावर आणि पायाचे जमिनीवर कसे उतरेल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. वजनाचा हा रस्ता कुठेही तुटता कामा नये. त्याच्या साऱ्या विद्येचे सार या एका वाक्यात आहे.

हे वजन किती असते, याचा आपल्याला अंदाज नसतो. पाच इंच जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे स्वतःचेच वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जाते. त्यावर माणसे, कपाटे, पलंग यांच्यासाठी राहत्या घरात चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरायचे, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीला सव्वादोन टन. आता त्या खोलीत जुनी लादी न काढता वर दोन इंच मसाला टाकून नवी लादी बसवली, तर चौरस मीटरला आणखी शंभर किलोच्या आसपास वजन कायमचे चढते. गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी ठेवली की पाच टन. ही टाकी कॉलमच्या डोक्यावर ठेवली आहे की स्लॅबच्या मध्यावर, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. प्लंबर ती नळाच्या सोयीने ठेवतो, कारण त्याला कोणी दुसरे काही सांगितलेलेच नसते.

भाच्याचा एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो. सकाळी एखाद्या नव्या इमारतीचा स्लॅब भरायचा असतो. माल ओतण्याआधी तो सळया मोजतो, त्यांच्यातले अंतर तपासतो, कॉलमच्या रिंगा नीट वळवून अडकवल्या आहेत का ते पाहतो, सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवले आहेत का ते पाहतो. एकदा काँक्रीट ओतले की आतले काही दिसत नाही. म्हणून तो अर्धा तास फार मोलाचा. त्याच वेळी ठेकेदार घाईत असतो, कारण मालाची गाडी फाटकाशी उभी असते. दुपारी तो कुठल्या तरी जुन्या चाळीत वाशांवर टोचा मारून लाकूड पोखरले आहे का ते बघत असतो. कधी कारखान्याच्या शेडचे पत्रे वाऱ्याने उचलले जाऊ नयेत याचा हिशोब, कधी मोबाईल टॉवरखाली जुनी गच्ची टिकेल का याचा. भिवंडी-मालेगावात यंत्रमाग वरच्या मजल्यावर न्यायचे असतील, तर नुसत्या वजनाचा नव्हे, त्यांच्या सततच्या हादऱ्यांचाही विचार करावा लागतो. आणि संध्याकाळी कोणाचा तरी फोन येतो: “इंजिनिअर साहेब, हॉलमधला तेवढा एक पिलर काढला तर चालेल ना?”

“मामू,” तो मला एकदा म्हणाला, “माझं निम्मं काम ‘नाही’ म्हणण्याचं आहे. आणि ‘नाही’चे कोणी पैसे देत नाही.”

हे वाक्य मला या विषयाच्या मुळाशी नेणारे वाटते. वकिलाने खटला जिंकला तर दिसते, डॉक्टरचा पेशंट बरा झाला तर दिसते. इंजिनिअरचा सल्ला बरोबर ठरला तर काहीच होत नाही. इमारत काल उभी होती, आज उभी आहे, उद्याही उभी राहील. जे घडलेच नाही त्याबद्दल आभार कोण मानणार? त्यामुळे त्याची फी हा आपल्याला फुकटचा खर्च वाटतो आणि आपण सर्वांत स्वस्त सही शोधत फिरतो.

इमारत कशी आजारी पडते, हेही समजून घ्यायला हवे. काँक्रीटच्या आत लोखंड सुरक्षित राहते ते काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे हळूहळू आत झिरपतो आणि हा गुण कमी करत जातो. समुद्रकाठच्या शहरात खारी हवा आहे, संडासाची गळती आहे, चार महिन्यांचा पाऊस आहे. पाणी सळईपर्यंत पोचले की ती गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो, म्हणून सळई आतून फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा जातो, मग पोपडा सुटतो, मग एक दिवस स्लॅबचा तुकडा खाली पडतो. आपण काय करतो? मिस्त्रीला बोलावून प्लास्टर मारतो, वर रंग देतो, किंवा फॉल्स सीलिंग लावून सगळेच झाकून टाकतो. जखमेवर नवा सदरा घालण्यासारखे आहे हे.

इंजिनिअर अशा वेळी नुसते डोळ्यांनी बघून थांबत नाही. तो हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकतो, रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा पाहतो, ध्वनिलहरी आरपार सोडून आत पोकळी आहे का ते तपासतो, गरज पडली तर काँक्रीटचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतो. फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर टाकले की निरोगी भाग गुलाबी होतो आणि ज्याचा गुण गेला तो बिनरंगी राहतो. शाळेच्या प्रयोगशाळेतली ही गोष्ट एखाद्या कुटुंबाच्या छताचे भविष्य सांगू शकते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. किती सोसायट्या हे स्वतःहून करतात? बहुतेक ठिकाणी महापालिकेची नोटीस आली की धावाधाव सुरू होते आणि वार्षिक सभेत पहिला प्रश्न येतो, “कमीत कमी कितीत होईल?” कोणता इंजिनिअर, किती दिवस पाहणी करणार, कोणत्या चाचण्या घेणार, हे प्रश्न येतच नाहीत. मग असा अहवाल मिळतो की ज्यात दुसऱ्याच इमारतीचे वर्णन तसेच राहून गेलेले असते आणि तो फायलीत जाऊन झोपतो.

याची किंमत काय, ते आपल्याच वस्त्यांच्या नावांनी लिहिलेले आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. काही महिन्यांत उभी केलेली ती इमारत अजून पुरी व्हायची होती, तरी खाली कुटुंबे राहत होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली शंभर वर्षांहून जुनी हुसैनी इमारत पडली, ३३ माणसे गेली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारीक गार्डन पडली, १६ जण गेले. ती इमारत तर दहा वर्षांचीही नव्हती. त्यानंतर महिन्याभरातच, २१ सप्टेंबरच्या पहाटे, भिवंडीची जिलानी इमारत झोपेतल्या माणसांवर पडली. एक इमारत बेकायदा, एक म्हातारी, एक कोवळी. ‘जुनी झाली म्हणून पडली’ हे उत्तर सगळीकडे लागू पडत नाही. वजनाचा हिशोब, मालाचा दर्जा आणि वेळेवरची देखरेख, यांतले काही ना काही कुठे तरी हरवलेले असते.

हे फक्त आपल्या मोहल्ल्यांचे दुखणे आहे, असे मात्र कोणी समजू नये. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला सिद्धी साई ही चार मजली इमारत पडून १७ माणसे गेली, तेव्हा तळमजल्यावर चाललेले फेरबदल हे कारण असल्याचा आरोप झाला. २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वरचे मजले भिंतींनी ताठ आणि खाली नुसते कॉलम. १९९३ च्या किल्लारीच्या पहाटे हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या जड माळवदाखाली गाडली गेली. जमीन हलताना माणूस हिंदू की मुसलमान हे विचारत नाही, आणि स्लॅबही विचारत नाही.

इथे वाचक मला अडवतील आणि त्यांनी अडवलेच पाहिजे. “तुम्ही इंजिनिअरचे ऐका म्हणता, पण इंजिनिअरनेच सही देऊन माणसे मारली त्याचे काय?” खरे आहे. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला. ऑडिटमध्ये तो किरकोळ दुरुस्ती करून वापरायला ठीक ठरवला होता. ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचे होर्डिंग वादळात पडले आणि १७ जणांचा जीव गेला. त्याला स्थैर्य प्रमाणपत्र देणाऱ्या इंजिनिअरलाही पोलिसांनी पकडले. या घटनांनी माझा मुद्दा खोटा ठरत नाही, उलट पक्का होतो. ज्या समाजात सल्ल्याला किंमत नाही आणि सहीला बाजारभाव आहे, तिथे न बघता सही करणारे पैदा होणारच. प्रामाणिक इंजिनिअर चार दिवस पाहणी करून जे पैसे मागतो, त्याच्या चौथ्या हिश्शात दुसरा कोणी टेबलावर बसून कागद देतो. आपण दुसऱ्याकडे जातो. आर्किटेक्ट मंडळींसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे; इंजिनिअरसाठी तसा देशव्यापी कायदा आजही नाही. महापालिका आपापल्या पातळीवर परवाने देतात. हा कायदा व्हायला हवा, सहीमागे पाहणीची नोंद आणि छायाचित्रे सक्तीची व्हायला हवीत. पण तोवर हात बांधून बसण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो गरिबांचा आहे. पागडीच्या खोलीत तीन पिढ्या काढलेले लोक म्हणतात, “ऑडिट म्हणजे आम्हाला हाकलायचे हत्यार आहे. मालकाला आणि बिल्डरला इमारत रिकामी हवी असते, मग ‘धोकादायक’ असा अहवाल निघतो.” ही भीती हवेतली नाही. मुंबईत ‘सी-१’ शेरा बसला की इमारत ताबडतोब रिकामी करून पाडायची असते. ‘सी-२ ए’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, ‘सी-२ बी’ म्हणजे माणसे न हलवता दुरुस्ती, ‘सी-३’ म्हणजे किरकोळ डागडुजी. एका अक्षराने माणूस घरात राहतो किंवा संक्रमण शिबिरात जातो. अशा वेळी डोळे झाकून विश्वास ठेवा, असे मी कधीच सांगणार नाही.

पण या भीतीवरचा उपायही इंजिनिअरच आहे. तो मालकाचा नको, आपला हवा. भाडेकरू स्वतंत्र ऑडिट करून घेऊ शकतात. दोन अहवाल परस्परविरोधी निघाले तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निर्णय देते. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आणि इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाही, हेही स्पष्ट केले. म्हणजे लढायला जागा आहे. पण ती लढाई चाचण्यांच्या आकड्यांनी लढता येते. “आमच्या आजोबांपासून उभी आहे, काही होत नाही” हे वाक्य समितीपुढे टिकत नाही आणि पावसापुढे तर मुळीच टिकत नाही. खोटा अहवाल ओळखायचा असेल तर खरा अहवाल हातात हवा.

आता आपल्या घरचे बोलू. आपल्या वस्तीत सर्वांत जास्त माणसे एका वेळी एका छताखाली कुठे जमतात? मशिदीत, मदरशात, शादी हॉलमध्ये. आणि सर्वांत जास्त मजले विचार न करता कुठे चढतात? तिथेच. जुम्म्याला जागा पुरत नाही म्हणून मधला माळा टाकला जातो, मग वर आणखी एक मजला, मग मिनार उंच होतो. गर्दी जमणाऱ्या, खुर्च्या न रोवलेल्या सभागृहासाठी मानक चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भार धरायला सांगते, म्हणजे राहत्या घराच्या अडीचपट. वजूचा हौद वरच्या मजल्यावर असेल तर त्यातल्या एक फूट पाण्याचेच चौरस मीटरला तीनशे किलो होतात. घर म्हणून बांधलेल्या जागेत मदरसा सुरू केला तर हिशोब बदलतो, हे किती कमिट्यांना ठाऊक आहे? संगमरवरासाठी चंदा गोळा होतो, झुंबरासाठी होतो, साउंड सिस्टिमसाठी होतो. या मजल्यावर पाचशे माणसे उभी राहिली तर काय होईल, हे विचारायला दिलेली फी मात्र कमिटीला उधळपट्टी वाटते. माझ्या मते त्या फीइतके चांगल्या कामाला लागलेले पैसे दुसरे नाहीत.

फझलुर रहमान खान यांचे नाव आपल्या सभांमध्ये अधूनमधून अभिमानाने घेतले जाते. १९२९ साली ढाक्यात जन्मलेला हा इंजिनिअर अमेरिकेत गेला आणि शिकागोत त्याने उंच इमारतींचे गणितच बदलले. इमारतीच्या बाहेरच्या कडेचे कॉलम एकत्र बांधून सगळी इमारत पोकळ नळीसारखी ताठ करायची, ही त्याची कल्पना. तिच्यामुळे वाऱ्याला तोंड देणे कमी पोलादात शक्य झाले. शिकागोचा जॉन हॅनकॉक सेंटर आणि ४४२ मीटर उंचीचा सिअर्स टॉवर त्याच्या गणितावर उभे आहेत. जेद्दा विमानतळाच्या हज टर्मिनलवरचे तंबूंसारखे कापडी छतही त्याच्याच कामाचा भाग. आपल्यातले अनेक हाजी त्याखालून गेले असतील. १९८२ मध्ये जेद्द्यातच त्याचे निधन झाले. अभिमान ठीक आहे. पण शिकागोतल्या खानचा अभिमान बाळगायचा आणि गल्लीतल्या डिप्लोमा झालेल्या पोराने “चाचा, हा कॉलम तोडू नका” म्हटले की “तू कालचा पोरगा, मिस्त्रीला तीस वर्षांचा अनुभव आहे” म्हणून त्याला गप्प बसवायचे, हे कसे जमते? मिस्त्रीचा अनुभव मोठा आहेच, त्याच्या हाताला तोड नाही. पण काय बांधायचे हे त्याला माहीत असते. किती पेलेल हे काढणे वेगळे शास्त्र आहे. दोघांनी एकमेकांशेजारी उभे राहायला हवे.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. मजला चढवण्याआधी, भिंत किंवा पिलर काढण्याआधी, गच्चीवर टाकी किंवा टॉवर ठेवण्याआधी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर बोलावा. तो जागा न बघता सही देत असेल तर त्याला परत पाठवा. त्याला विचारा की कोणत्या चाचण्या घेणार आणि का. उत्तर तुम्हाला कळेल अशा भाषेत मागा. ऑडिटचा अहवाल सोसायटीच्या फलकावर लावा, फायलीत ठेवू नका. जमातींनी आणि अंजुमनांनी आपापल्या शहरातल्या इंजिनिअर मुला-मुलींना एकत्र करून पावसाळ्याआधी वस्तीतल्या इमारतींची प्राथमिक पाहणी करून घ्यावी. हे फार खर्चाचे काम नाही. पाहणीत धोका दिसलेल्या इमारतींना पुढे रीतसर ऑडिटसाठी मदत करता येईल. आणि अभियांत्रिकीला गेलेली मुलगी साइटवर जायचे म्हणते तेव्हा तिला अडवू नका. सळया मोजायला लागते ती नजर आणि खमकेपणा, आणि तो आपल्या मुलींकडे भरपूर आहे.

आणि तो ‘नाही’ म्हणाला, तर पुढच्या स्वस्त सहीकडे वळण्याआधी एकदा विचारा, “मग काय करता येईल?” कॉलमला जॅकेटिंग करता येते, लोखंडी बीम आणि टेकू देता येतात, पाया वाढवता येतो, भार हलका करता येतो. बहुतेक वेळा ‘नाही’च्या मागे एखादा सुरक्षित मार्ग असतो. तो सापडेपर्यंत त्या इंजिनिअरला समोर बसवा, चहा द्या आणि ठरलेली फी वेळेवर द्या.